मुलांना उद्ध्वस्त जगाच्याच गोष्टी का हव्यात?

टिपकागद (धागाकर्ती)

तेरा ते सतरा वयाच्या मुलांचा एक वाचनगट मी बघते. पुढचं पुस्तक मुलांनीच सुचवायचं असं ठरलेलं आहे, आणि सुचवलेल्या नावांत एकही डिस्टोपियन, म्हणजे उद्ध्वस्त किंवा जुलमी जगाची, कादंबरी नाही असं सहसा होत नाही. सरकारने माणसं गटांत वाटून टाकलीयत, कुंपणाबाहेर जायला बंदी आहे, दर वर्षी कुणाचा तरी बळी जातोय, आणि या सगळ्याशी भिडणारी व्यक्ती पंधरा-सोळाची. ‘द हंगर गेम्स’ २००८ सालचं. आज जी मुलं ते मागून नेतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "एवढं काळंकुट्ट काय आवडतं यांना?" उत्तरंही ठरलेली. एक, हिंसेचं आकर्षण. दोन, जगच तसं झालंय, पोरं घाबरलीयत. पहिलं मला पटत नाही. नुसती मारामारी हवी असेल तर ती पडद्यावर बसल्या जागी मिळते, तिच्यासाठी जाडजूड पुस्तक कोण वाचत बसेल? दुसरंही अर्धंच खरं वाटतं. लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’ १९९३ चं. शीतयुद्ध नुकतं संपलं होतं, आता इतिहासच संपला असं म्हणण्यापर्यंत काही विद्वानांची मजल गेली होती, आणि मुलं मात्र तेव्हाही हे वाचत होती.

मध्यंतरी गटात ‘हंगर गेम्स’वर बोलणं झालं. मला वाटलं होतं गाडी रिंगणातल्या झटापटींवर अडेल. अडली ती चिठ्ठ्यांवर. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: दर वर्षी सोडतीने मुलं निवडून त्यांना एका रिंगणात मरेपर्यंत लढवतात. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची १ चिठ्ठी सोडतीत पडते, तेराव्या वर्षी २, असं करत अठराव्या वर्षी ७. नियम सगळ्यांना सारखा. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठ्या टाकून वर्षाचं थोडंफार धान्य आणि तेल घेता येतं, घरातल्या दर माणसामागे एक चिठ्ठी. आणि या चिठ्ठ्याही वर्षागणिक साठत जातात. एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. नायिका कॅटनिस १६ वर्षांची, म्हणजे वयाच्या ५. घरात ३ माणसं, ५ वर्षं, १५. एकूण २०. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, वयाच्या ७. घरात ५ माणसं, ७ वर्षं, ३५. एकूण ४२. पुस्तकात हेच आकडे आहेत, ते त्याने पान काढून ताडून बघितले. मग म्हणाला, "म्हणजे नियम सगळ्यांना सारखा आहे, पण मरतो गरीबच." त्यानंतर जो वाद पेटला तो मला वेळ संपली म्हणून थांबवावा लागला.

माझ्या मते ओढ इथे आहे. या वयात अन्याय जाणवायला लागलेला असतो, पण दाखवता येत नाही. मोठ्यांना विचारावं तर "असंच असतं" हे उत्तर. डिस्टोपियात तोच अन्याय नियम म्हणून स्वच्छ लिहिलेला असतो. त्याच्यावर बोट ठेवता येतं.

तुम्हाला काय वाटतं? त्या वयात ज्यांनी हे वाचलं त्यांनी तर लिहाच.

---

अर्धविराम

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सवडीने लिहितो.

---

खवचट_मांजर

वाचतेय. एकच विनंती, शेवट फोडणार असाल तर आधी सांगा. मागे एका रहस्यकथेच्या धाग्यात एका महाभागाने पहिल्याच ओळीत खुनी सांगून टाकला होता. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

---

जुना_चष्मा

चिठ्ठ्यांचं निरीक्षण आवडलं. तरी मला यात बाजाराचा हात जास्त दिसतो. ‘हंगर गेम्स’ धो धो चाललं, मग २००९ मध्ये ‘द मेझ रनर’, २०११ मध्ये ‘डायव्हर्जंट’, आणि त्यांच्या मागे रांगच लागली. मुखपृष्ठावरचं नाव झाकलं तर कुठलं पुस्तक कुठलं ते सांगता येणार नाही. २०१६ मध्ये ‘डायव्हर्जंट’चा तिसरा चित्रपट आपटला आणि चौथा आलाच नाही. लाट होती, ओसरली.

माझी खरी तक्रार मात्र निराळी आहे. पोरांच्या डिस्टोपियात सत्ता शेवटी कोसळते. ऑर्वेलच्या ‘१९८४’मधला विन्स्टन ३९ वर्षांचा, घोट्याजवळ वाहती जखम, जिना चढतानाही धाप लागणारा. आणि तो नुसता हरत नाही, ज्याने त्याला चिरडलं त्याच्यावरच प्रेम करू लागतो. ‘१९८४’ मिटल्यावर वाचणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. इकडे धनुष्यबाण घेतलेली मुलगी येते, सगळं निस्तरते, आणि वाचणारा सुटतो. हा डिस्टोपिया नव्हे, ही परीकथा, फक्त राक्षसाच्या जागी राष्ट्राध्यक्ष.

---

शेवटचा_बाक

काका, ‘हंगर गेम्स’चं तिसरं पुस्तक ‘मॉकिंगजे’ वाचलंय का? (मांजरताई, डोळे मिटा, शेवट फोडतोय.)

जिला वाचवायला कॅटनिस स्वतःहून पुढे झाली, ती बहीणच मरते. ज्या बॉम्बने मरते तो बंडखोरांनीच टाकलेला असण्याची दाट शक्यता, आणि त्यामागची कल्पना बहुधा गेलच्या डोक्यातून निघालेली. बंडाची नेती कॉइन जिंकल्या जिंकल्या काय सुचवते? कॅपिटलच्या, म्हणजे आजवर राज्य करणाऱ्या राजधानीच्या, मुलांना घेऊन आणखी एकदा खेळ भरवू. कॅटनिसचा शेवटचा बाण लागतो तो कॉइनला. याला निस्तरणं म्हणायचं? मी पंधराव्या वर्षी वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. खलनायकाचा राग येणं सोपं होतं, आपल्या बाजूचे तसेच निघाले ते पचेना. आता एकोणीसचा आहे, बातम्या बघताना अजूनही कुणी "आपली माणसं" म्हणालं की कॉइन आठवते.

आणि ‘१९८४’ कॉलेजात वाचलं. विन्स्टनपेक्षा त्याची प्रेयसी ज्युलिया आवडली. तो तिला बंदी असलेलं पुस्तक एवढ्या गांभीर्याने वाचून दाखवतो आणि ती बाई शांतपणे झोपून जाते :)

---

जुना_चष्मा

@शेवटचा_बाक, झोपते खरी! ऑर्वेलने ते हसण्यासाठीच लिहिलं असावं असा मला नेहमी संशय येतो. कॉइनचा मुद्दा जोरकस आहे, पण एका मालिकेवरून सगळ्या लाटेला प्रमाणपत्र देता येत नाही.

---

सावली_दुपारची

मी आई म्हणून लिहिते, समीक्षक म्हणून नाही.

लेक तेरा वर्षांची. तिच्या फोनचं लोकेशन मला दिसतं, मेसेज मी अधूनमधून बघते, आणि हे तिला माहीत आहे. ‘१९८४’ तिने कुठून तरी मिळवून वाचलं आणि माझा नंबर ‘प्रेम मंत्रालय’ या नावाने सेव्ह केला. मी बापडी खूश. नवऱ्याला कौतुकाने दाखवलं तर तो हसून लोळायचा बाकी राहिला. त्या पुस्तकात माणसांचा छळ करतात ती इमारत म्हणजे प्रेम मंत्रालय.

हे हसण्यावारी नेलं. पण विन्स्टनला उंदरांची भीती घालून मोडतात ते प्रकरण वाचल्यावर काही रात्री तिने दिवा मालवू दिला नाही. टिपकागद, अन्याय समजणं वगैरे सगळं ठीक, पण जे मुलांच्या हातात नाहीच ते त्यांना इतक्या लवकर दाखवून काय साधतं? भविष्य असं काळं असणार हेच मनात बसलं तर ती अभ्यास तरी कशाला करतील?

---

खवचट_मांजर

प्रेम मंत्रालय!! त्या पोरीला माझा दंडवत सांगा.

---

अर्धविराम

रुमाल उचलतो. जरा लांबण लागेल.

आधी सावलीताईंसाठी. तुमच्या लेकीने ते पुस्तक भविष्याबद्दलचं म्हणून वाचलंच नाही. वाचलं असतं तर नंबर सेव्ह करताना तिला तुम्ही आठवला नसता. कुठे आहेस, कुणाशी बोलतेस, हे कुणीतरी सतत बघतंय, ते प्रेमापोटी बघतंय असं सांगतंय, आणि त्यावर अपील नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा हा आजचा दिवस आहे. मोठ्यांना डिस्टोपिया इशारा वाटतो कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं स्वातंत्र्य असतं. मुलांना ते अजून मिळायचंय. काय घालायचं, कुठल्या शाखेला जायचं, कधी झोपायचं, सगळं दुसरं कुणी ठरवतं, आणि एका परीक्षेच्या आकड्यावरून पुढची वाट ठरते. ‘द गिव्हर’मध्ये बाराव्या वर्षी समारंभ करून मुलांना कामं नेमून दिली जातात. मोठ्या वाचकाला हे भयंकर वाटतं, मुलं मान डोलावतात.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्यांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियात मुलं कशी दिसतात ते बघा. ‘१९८४’मध्ये शेजारच्या पार्सन्सची दोन मुलं आहेत, फाशी बघायला नेलं नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी. पुढे त्यांतली सात वर्षांची मुलगी बापाला पकडून देते. तो झोपेत सरकारविरुद्ध बरळला, हिने कुलपाच्या भोकाला कान लावून ऐकलं. आणि कोठडीत तो बाप विन्स्टनला काय सांगतो, तर मला पोरीचा अभिमान वाटतो. (हे पान मला उंदरांपेक्षा भीतिदायक वाटतं.) ‘फॅरनहाइट ४५१’ हे १९५३ चं. त्यात क्लॅरिस सतरा वर्षांची. पुस्तकं जाळणाऱ्या माँटॅगला ती विचारते, तू सुखी आहेस का? तिथून त्याचं आयुष्य उलटंपालटं होतं. पण ती स्वतः थोड्याच पानांत नाहीशी होते. तिला स्वतःच्या वयाच्या मुलांची भीती वाटते, ती एकमेकांना मारून टाकतात असं ती सांगते.

म्हणजे मोठ्यांच्या पुस्तकात मूल एक तर हेर असतं, नाही तर मोठ्या माणसाला जागं करून निघून जाणारी ठिणगी. गोष्ट तिशी-चाळिशीच्या पुरुषाचीच. किशोरांच्या डिस्टोपियाने काय केलं, तर क्लॅरिसला मरू दिलं नाही. गोष्ट तिच्या हातात दिली. जुना_चष्मा ज्याला परीकथा म्हणतात त्यातला हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

---

टिपकागद

अर्धविराम, क्लॅरिसबद्दलचं वाक्य मी गटात वापरणार. परवानगी गृहीत धरते.

सावलीताई, दिव्याचं मी हलक्यात घेत नाहीये. पण माझ्या गटातल्या मुलांना सगळ्यात जास्त हादरवलं ते उंदरांनी किंवा रिंगणाने नाही, ‘द गिव्हर’मधल्या एका शांत प्रसंगाने. नायक जोनासचा बाप तान्ह्या बाळांची काळजी घेणारा, प्रेमळ, गाणं म्हणणारा माणूस. जुळं जन्मलं की दोघांतलं हलकं बाळ ‘मुक्त’ करायचं असा तिथला नियम. जोनास त्याचं रेकॉर्डिंग बघतो. बाप वजन करतो, कपाळावरच्या शिरेत सुई टोचतो, गोड आवाजात निरोप घेतो आणि बाळ खोक्यात घालून कचऱ्याच्या झडपेत टाकतो. त्या समाजात रंग दिसत नाहीत, युद्ध नाही, भूक नाही, कुणी ओरडून बोलत नाही. गटातली एक मुलगी म्हणाली, "त्याला वाईट वाटत नाही हे वाईट आहे." रक्तपात दाखवूनही हे कळलं नसतं.

---

निरभ्र

हे सगळं वाचनसुखाच्या अंगाने चाललंय म्हणून थोडा खडा टाकतो.

या कथांचा वाचणाऱ्यावर राजकीय परिणाम होतो का, यावर अमेरिकेत कॅल्व्हर्ट जोन्स आणि सेलिया पॅरिस या दोघींनी प्रयोग केले. निबंध २०१८ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स’मध्ये आला. ‘हंगर गेम्स’, ‘डायव्हर्जंट’ यांसारख्या कथांतला भाग ज्यांना वाचायला आणि बघायला दिला, ते अन्यायी सत्तेविरुद्ध टोकाची, अगदी हिंसक कृतीही समर्थनीय ठरू शकते असं म्हणायला इतरांपेक्षा जास्त तयार दिसले. नुसत्या मारधाडीच्या चित्रपटाने तसं झालं नाही. म्हणजे टिपकागद म्हणतात तेच, हिंसा हे कारण नव्हे. पण "पुस्तकं निरुपद्रवी असतात" असंही त्यातून निघत नाही. सत्ता दुष्ट असते आणि तिला पाडलं पाहिजे, हा साचा एकदा डोक्यात बसला की समोरची प्रत्येक सत्ता त्यातच ओतली जाऊ शकते. शाळेपासून संसदेपर्यंत.

दुसरी बाजूही सांगतो. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा लोकांनी ‘हंगर गेम्स’मधली तीन बोटांची खूण निषेध म्हणून वापरायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांसमोर ती खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं, आणि बँकॉकमधल्या एका चित्रपटगृह साखळीने त्या मालिकेच्या नव्या चित्रपटाचे खेळ रद्द केले. २०२१ च्या बंडानंतर म्यानमारमध्ये तीच खूण रस्तोरस्ती दिसली. हातात शस्त्र नाही, दगड नाही, तीन बोटं. साचा वाईटच असतो असं नाही.

---

जुना_चष्मा

निरभ्र, माहितीबद्दल आभार. थायलंडच्या मुलांपुढे मी टोपी काढतो.

पण त्याच मालिकेच्या चित्रपटांची जाहिरात कशी झाली ते आठवा. सुझान कॉलिन्स यांना कल्पना सुचली ती टीव्हीवर चॅनेल बदलताना: एकीकडे तरुणांची स्पर्धा असलेला रिॲलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. मुलांच्या मरणाचा तमाशा बघत नटूनथटून बसलेलं कॅपिटल, यावर आख्खं पुस्तक बेतलेलं. आणि २०१३ मध्ये दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी बाजारात काय आलं, तर कॅपिटलच्या नावाने रंगभूषेची प्रसाधनं! लेखिकेने ज्यांच्यावर कोरडे ओढले त्यांच्यासारखं दिसण्यासाठी पैसे मोजायचे. आता सांगा, मी बाजाराचं नाव काढलं तर माझं काय चुकलं?

---

शेवटचा_बाक

काका, यात तुमच्याशी सहमत. किंबहुना मी आणखी पुढे जातो.

‘डायव्हर्जंट’ घ्या. समाज पाच गटांत वाटलेला. सोळाव्या वर्षी चाचणी, मग गट निवडायचा, त्यानंतर वेळ पडली तर आई-बापही परके. नायिका कुठल्याच खोक्यात बसत नाही, म्हणून ती धोकादायक आणि खास. पुस्तक सांगतंय की माणसांना खोक्यांत घालणं वाईट. आणि आम्ही सगळ्या मित्रमैत्रिणींनी ते वाचून काय केलं? ‘तुमचा गट कोणता’ या ऑनलाइन चाचण्या सोडवल्या. प्रोफाइलवर गटाचं चिन्ह लावलं. माझा गट कोणता आला ते सांगत नाही, अपेक्षाभंग झाला होता. चाचणी पुन्हा दिली, उत्तरं बदलून.

मला वाटतं इथे टिपकागद यांच्या मुद्द्याला एक पुरवणी लागते. नियम लिहिलेला असला की अन्याय दिसतो, बरोबर. पण नियम लिहिलेला असला की दिलासाही मिळतो. खऱ्या सोळाव्या वर्षी कुणीच सांगत नाही की तू कोण आहेस, कुठल्या टोळीत बसतोस, काय केलं म्हणजे पास झालास. सगळं मोघम. त्या पुस्तकांत निदान फळा स्पष्ट असतो. व्यवस्थेचा राग आणि व्यवस्थेची हौस, दोन्ही एकाच वेळी. आणि वर प्रत्येक वाचणाऱ्याला खात्री असते की सगळे खोक्यातले, आपण तेवढे डायव्हर्जंट. लाखो लोक एकमेकांसारखेच वेगळे!

म्हणून मला इशिगुरोंचं ‘नेव्हर लेट मी गो’ या सगळ्यांवर भारी वाटतं. २००५ चं आहे, मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही, पण गोष्ट निवासी शाळेतल्या मुलांचीच. ही मुलं कशासाठी वाढवली जातायत ते हळूहळू कळतं (फोडत नाही). आणि कुणीही बंड करत नाही. कुंपण उडी मारून जाण्यासारखं, पण कुणी उडी मारत नाही. मी वाचताना सारखा वाट बघत होतो की आता पळतील, आता पळतील.

---

खवचट_मांजर

फोडला नाहीस म्हणून धन्यवाद, पोरा. यादीत घेतलं.

चाचणी उत्तरं बदलून पुन्हा देणारा तू एकटा नव्हेस. मी गृहिणी, वय विचारू नये, भाचीबरोबर तीच चाचणी दिली होती.

अवांतर: ‘अग्लीज’चं नाव कसं कुणी काढलं नाही? २००५ चंच. सोळाव्या वर्षी सगळ्यांवर शस्त्रक्रिया करून सगळ्यांना सुंदर करायचं, आणि सुंदर करता करता मेंदूतही काहीतरी करून ठेवायचं. पहिला आयफोन २००७ चा. फोटो गुळगुळीत करणारे फिल्टर त्याच्याही नंतरचे. भाचीला ते पुस्तक दिलं तर तिला यात कल्पित काय आहे तेच कळेना.

---

सावली_दुपारची

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. तिने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. मला.

पण माझा प्रश्न तिथेच आहे. राग आला, अन्याय दिसला, बोट ठेवलं. मग? निरभ्र म्हणतात तसा तो राग कुठेही वळू शकतो. आणि भीतीचं काय करायचं?

---

कागदी_होडी

सावलीताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण हाच प्रश्न एका कादंबरीत एक मुलगी आणि तिचा बाप यांच्यात झालेला आहे.

ऑक्टेव्हिया बटलर यांचं ‘पॅरेबल ऑफ द सोअर’. प्रसिद्ध झालं १९९३ मध्ये, गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये. लॉरेन पंधरा वर्षांची. भिंतीआडच्या वस्तीत राहते. बाहेर पाणी महाग झालंय, आगी लावल्या जातायत, भिंत आज ना उद्या पडणार हे तिला स्वच्छ दिसतंय. मोठी माणसं मात्र जुने चांगले दिवस परत येतील म्हणून थांबलीयत. ती काय करते? बापाच्या पुस्तकांतून जगण्याच्या कामाचं वाचून काढते, कुठली रानझाडं खाता येतात ते पाठ करते, रात्री-अपरात्री पळावं लागलं तर उचलायला एक गाठोडं बांधून ठेवते. आणि मैत्रिणीला सांगते, तूही शीक. मैत्रीण घाबरून घरी सांगते, आणि ते लॉरेनच्या बापापर्यंत पोचतं.

इथे बहुतेक लेखकांनी दुष्ट नाही तर मूर्ख बाप रंगवला असता. बटलर तसं करत नाहीत. बाप धर्मोपदेशक, शहाणा माणूस. मुलीचं खोटं आहे असं तो म्हणतच नाही, त्यालाही तेच दिसतंय. तो एवढंच म्हणतो की लोकांना घाबरवू नकोस, शिकव. घाबरवलंस आणि काही झालं नाही, तर त्यांची भीती मोडेल आणि पुढच्या वेळी तुझं कुणी ऐकणार नाही. मग तो स्वतः वस्तीत रात्रीचे पहारे सुरू करतो.

भिंत पुढे पडतेच. बाप त्याआधीच नाहीसा झालेला असतो. पण ते गाठोडं कामाला येतं.

माझ्या मते किशोरवयातल्या वाचकाला डिस्टोपियातून नेमकं हे हवं असतं: मोठ्यांपैकी एकाने तरी "तुला दिसतंय ते खरं आहे" असं म्हणावं. त्याने धीर येतो. सगळं ठीक होईल म्हटल्याने येत नाही, मुलांना ते खोटं आहे हे लगेच कळतं.

---

निरभ्र

होडी, +१. आणि जुना_चष्मा यांना टोचणी: या पुस्तकात सत्ता कोसळत नाही, कुणी जिंकत नाही, नायिका पंधरा वर्षांची आहे. तुमच्या व्याख्येत बसतं का?

---

जुना_चष्मा

बसतं. वाचतो. पण बटलर मोठ्यांसाठी लिहीत होत्या, हे नोंदवून ठेवतो. मुलांसाठी वेगळं कपाट करून त्यात सोपं करून ठेवण्याविरुद्ध माझा राग आहे, मुलांनी वाचण्याविरुद्ध नाही. मला तेराव्या वर्षी कुणी ‘१९८४’ दिलं असतं तर मीही दिवा मालवू दिला नसता. पण दिलं असतं तर बरं झालं असतं.

---

टिपकागद

होडी, तुमचा प्रतिसाद वाचून गटासाठी ‘पॅरेबल’ घ्यावं असं आधी वाटलं. मग पुन्हा चाळलं. त्यातले अत्याचार बघता तेरा-चौदाच्या मुलांना सरसकट देणार नाही. सोळाच्या पुढच्या तिघी-चौघांना देईन, आणि स्वतः बरोबर वाचेन. वयाची अट मला आवडत नाही, पण बरोबर वाचणारं कुणी असणं आणि नसणं यात फरक पडतो. सावलीताई, दिव्याच्या बाबतीतही मी एवढंच म्हणेन. लेकीबरोबर ते पुस्तक तुम्ही वाचा. तिच्या डोक्यात पार्सन्सची मुलगी आहे की विन्स्टन, ते तुम्हाला कळेल.

शेवटचा_बाक, तुझी पुरवणी मान्य. गटाला सांगून बघितली. सगळ्यांनी जोरजोरात नाकारली आणि मग एकीने हळूच कुणाचा गट कोणता ते विचारलं.

पुढच्या वेळी ‘द गिव्हर’चा शेवट घेतोय. बर्फातून घसरगाडीवर जाणारा जोनास, कडेवर बाळ, खाली दिवे दिसतात, गाणं ऐकू येतं. पोचतो की थंडीने मरता मरता त्याला भास होतोय? गटात सरळ दोन तट पडलेत. लोरींना या शेवटाबद्दल मुलांची असंख्य पत्रं गेली, तशीच आमची चर्चा होणार.

---

खवचट_मांजर

अहो पण त्याच्या पुढची पुस्तकं आहेत ना? २००४ च्या ‘मेसेंजर’मध्ये तर...

---

टिपकागद

मांजरताई!! स्वतःचा नियम स्वतः मोडताय. गटातली दोन मुलं हा धागा वाचतात.

---

शेवटचा_बाक

वाचत असतील तर त्यांनी विकी केव्हाच उघडला असणार. त्यांना विचारा, आणि खरं सांगितलं तर शिक्षा करू नका.